अठ्ठेचाळीस चिठ्ठ्या

१

टप्.

मोरीतल्या नळाखाली पातेलं ठेवलं होतं, त्यात थेंब पडला. घर इतकं गप्प होतं की कुणी दारावर बोट वाजवल्यासारखं वाटलं. नीतू आत्ताच झोपली होती, मुठीत लाकडी बैलाची दोरी घेऊन. काल पोळा झाला, आज तान्हा पोळा. संध्याकाळी गल्लीतली पोरं आपापले लाकडी बैल सजवून निघणार, म्हणून तिने सकाळपासून त्या बैलाला खाली ठेवलं नव्हतं. तिची झोप म्हणजे माझा दीड तास. त्यात मी पेपर तपासते, आकडे मांडते, कधी नुसतीच तिच्या पापण्यांकडे बघत बसते.

टप्.

दुसऱ्या थेंबाबरोबर फोन थरथरला.

"मॅडम, येता का जी?" बकारामचा आवाज दबलेला होता. "अकरा उंदीर मरून पडले. सकाळीच पाह्यलो. सर म्हनत होते, मॅडमले इतक्यात सांगू नको. पन मले राहवलं नाही."

बकाराम आमच्या कॉलेजातल्या उंदीरघराचा राखणदार. मूळ दरेकसाचा. गोंदियातल्या त्या औषधनिर्माण कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवते, आणि तिथल्या प्रत्येक प्रयोगात किती प्राणी घ्यायचे, हे माझ्या आकड्यांवर ठरतं. या प्रयोगात ते अठ्ठेचाळीस ठरले होते.

नीतूला शेजारच्या सुशिलाबाईंच्या ओसरीवर निजवून मी निघाले. तिची मूठ सुटत नव्हती. दोरीसकट बैलही तिच्याबरोबर गेला.

उंदीरघरात पाय टाकला तर फिनाईलचा वास डोक्यात गेला. मोरीजवळ काचेच्या अठ्ठेचाळीस बाटल्या धुऊन उपड्या घातल्या होत्या.

"कुणी धुवायला सांगितल्या?"

"सरनं. म्हनले रोगराई असंन, आधी सगळ्या उकळून टाक."

मेलेले उंदीर उचलले होते, पण त्यांचे पिंजरे बकारामने जागच्या जागी ठेवून त्यांवर खडूने फुल्या मारल्या होत्या. मांडणीवर बारा ओळी, ओळीत चार पिंजरे. मी वरून खाली फुल्या मोजत गेले. पहिल्या ओळीत एक. दुसऱ्या ओळीत एक. तिसऱ्या ओळीत एक.

बारापर्यंत मोजून झालं. अकरा ओळींत एकेकच मेला होता. सातव्या ओळीत एकही नाही.

रोग असा मोजून येत नाही.

२

या अठ्ठेचाळीसांची गोष्ट सांगायला हवी.

डॉ. योगराज आमचे विभागप्रमुख. दरेकसाच्या जंगलातल्या एका झाडाची साल यकृताला बरं करते, असा त्यांचा वीस वर्षांचा विश्वास. प्रयोग असा की आधी सगळ्याच उंदरांचं यकृत एका रसायनाने थोडं दुखवायचं. मग तीन गटांना चाऱ्यातून साल द्यायची, कमी, मध्यम आणि जास्त. चौथ्या गटाला नुसता साधा चारा. सालीने फरक पडतो का, ते या चौथ्यावरूनच कळणार. सरांनी मागितले होते एकशे चव्वेचाळीस उंदीर.

मी ते कमी केले. युक्ती नवी नाही, आपल्या धानाच्या बांधीतली, म्हणजे खाचरातलीच आहे. चार वाण चार वेगळ्या गावांत लावले तर वाण चांगला की माती, कळत नाही. मग पुष्कळ शेतं लागतात. एकाच बांधीत चारही लावले तर थोडक्यात कळतं. तशी मी एकेका आईची चार पिल्लं घेतली आणि चार गटांत एकेक वाटलं. एक ओळ म्हणजे एक आई. भावंडांची तुलना भावंडांशी. बारा आया, अठ्ठेचाळीस पिल्लं. शहाण्णव जीव वाचले, असं मी त्या दिवशी घरी येऊन नीतूला सांगितलं होतं.

ओळीत कोणत्या जागी कोण, ते नशिबाने ठरायला हवं. तशा याद्या संगणक काढून देतो, पण त्या दुपारी वीज गेली होती. मी स्टीलच्या डब्यात चार रंगांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि नीतूने एकेक काढली, बारा वेळा चार. लाल, निळी, हिरवी म्हणजे साल. पिवळी म्हणजे साधा चारा.

"पिवळ्याला काय मिळतं?" तिने विचारलं होतं.

"काही नाही. आपलं साधं जेवण."

"मग पिवळ्याची मज्जा."

तिच्या चिठ्ठ्या कागदावर ओळीने चिकटवून तो तक्ता मी पाकिटात घातला, लाख लावली आणि सरांच्या कपाटात ठेवायला दिला. दुसरी प्रत माझ्या घरच्या वहीत. उंदीरघरात रंगांचं नाव नाही. तिथे लाल, निळा, हिरवा, पिवळा यांच्याऐवजी चाऱ्याचे डबे क, ख, ग, घ. पिंजऱ्याचा नंबर तळाला, उचलल्याशिवाय दिसत नाही. कुठल्या डब्यात काय, हे तिथे वावरणाऱ्या कुणाला कळू नये, म्हणजे कुणाचा हात कळत नकळत वाकडा होत नाही.

आणखी एक नियम होता. खिडकीकडची बाजू तापते. म्हणून दर पंधरा दिवसांनी ओळीतला प्रत्येक पिंजरा एक घर उजवीकडे सरकवायचा, शेवटचा पहिल्या जागी आणायचा. दारावर लावलेल्या कागदाप्रमाणे पहिली सरकवणी सोमवारी संध्याकाळी होती, ऐन पोळ्याला. दाराच्या वहीत बकारामची सही होती: सोमवार, संध्याकाळी सहा.

घरी येऊन मी वही उघडली, रंग एकेक घर सरकवले आणि फुल्या मांडल्या. लाल चार. निळे तीन. हिरवे चार.

पिवळा एकही नाही.

मेले ते सगळे साल खाणारे. औषधच विष ठरत होतं.

३

"औषधानं मेले असं नाही म्हणता येणार, मॅडम," दिव्या म्हणाली. बुधवारी सकाळी ती वजनकाट्याशी उभी होती, डोळे सुजलेले. तिची पीएच.डी. याच प्रयोगावर. "दोन गुरुवार रक्त तपासलंय मी. एकही आजारी नव्हता."

मलाही तेच खात होतं. साल विषारी असती तर जास्त सालवाले जास्त मेले असते. इथे कमीवाले चार, मध्यम तीन, जास्तवाले चार. मृत्यूला जणू मात्रेशी देणंघेणंच नव्हतं. शिवाय ती एकेक ओळ. अठ्ठेचाळिसांतले कुठलेही अकरा मेले तर ओळीत एकेकच पडण्याची शक्यता साडेचारशेत एक. हे कुणीतरी ओळीओळीने, हाताने केलं होतं.

"सोमवारी कुठे होतीस?"

"कामठ्याला, घरी. पोळा होता ना." ती घुटमळली. "रविवारी संध्याकाळी मात्र आले होते इथे. वही राहिली होती."

"काही दिसलं?"

"बकारामकाका काम करत होते." पुढे ती काही बोलली नाही. दाराकडे बघत राहिली.

रूपेश उंदरांचा आणि चाऱ्याचा पुरवठादार. उंदीरघराची चावी त्याच्याकडेही असते. आणि मी उंदीर कमी केल्यापासून तो माझ्याशी सरळ बोलत नाही.

"मॅडम, मी तर पहले से बोलून राहिलो," तो पोतं उतरवत म्हणाला. "अठ्ठेचाळीस में क्या होता है? एक छींक आली की प्रयोग खतम. आता मांगवा दीडशे."

"तुम्हाला बरंच झालं मग."

"बरं झालं ना! झूठ कायले बोलू? पण मारले मी नाही. माझे बैल विचारा, सोमवारी दिवसभर त्यांचीच मालिश करून राहिलो. बायको म्हणते, माझ्या पाठीला कधी हात लावला नाही असा."

योगराज सरांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. माझ्या नोकरीसाठी शब्द टाकणारा हा माणूस. दवनीवाड्याला त्यांची शेती आहे, म्हातारी आई आहे. पोळ्याला दरवर्षी तिकडेच असतात.

"शुक्रवारी प्राणी-प्रयोगांच्या समितीपुढे ठेवू," ते म्हणाले. "उरलेले सदतीस संपवावे लागतील, संसर्ग असू शकतो. नवा प्रयोग मोठा करू, एकशे चव्वेचाळीसचा. बकारामच्या हयगयीने झालं असं लिहावं लागेल. वाईट वाटतं, पण कुणाचं तरी नाव लागतंच."

"सर, मी तक्ता लावून पाहिला. क चार, ख तीन, ग चार."

त्यांचा हात टेबलावर थांबला. "म्हणजे पिवळा एकही नाही?"

"एकही नाही."

"असं कसं होईल," ते हळूच म्हणाले. मला नाही, स्वतःला. मला त्यांची दया आली. वीस वर्षांचं औषध, आणि तेच मारेकरी ठरत होतं.

बाहेर बकाराम सदतीस पिंजऱ्यांसमोर उकिडवा बसला होता. "मॅडम, मले काढतीन का जी?" त्याने विचारलं. मग पिंजऱ्यांकडे मान करून, "आन् याईले?"

दोन्हींना उत्तर एकच होतं, आणि शुक्रवारला दोन दिवस उरले होते.

४

त्या दुपारी नीतू झोपेना. माझ्या मांडीवर डोकं ठेवून तिने वही ओढली. मी रंग सरकवून काढलेलं पान पेन्सिलीचं होतं. तिने मागचं पान उलटलं, तिच्या स्वतःच्या चिठ्ठ्यांची नक्कल.

"हे माझं," ती म्हणाली. "यावर फुल्या मार ना."

"त्यावर नको, राणी. आता सगळे एक घर पुढे गेलेत."

"मार ना."

तिला झोपवायचं म्हणून मी फुल्या मारल्या. पहिली ओळ, तिसरी जागा. पिवळी. दुसरी ओळ, पहिली जागा. पिवळी. तिसरी, चौथी जागा.

पिवळी.

बाकीच्या मी भराभर मारल्या. अकराच्या अकरा फुल्या पिवळ्या चिठ्ठ्यांवर बसल्या. कुणीतरी साध्या चाऱ्याचे उंदीर नेमून विष घालत होतं, पण जुन्या तक्त्यावरून. त्या जागी तोवर त्यांची भावंडं आली होती. मारणाऱ्याला ठाऊक नव्हतं की पिंजरे सरकलेत.

पण बाटली पिंजऱ्याच्या झाकणावर असते, पिंजऱ्याबरोबर सरकते. विष सोमवारी संध्याकाळच्या आधी पडलं असतं आणि सरकवणी सहाला झाली असती, तर पिवळेच मेले असते. विष संध्याकाळनंतर पडलं असतं, तर मारणाऱ्याने सरकवणी धरूनच हिशोब केला असता. ती तारीख दारावरच होती. दोन्ही जमत नव्हतं. जमायचं तर एकच गोष्ट खोटी असायला हवी होती.

दाराच्या वहीतली बकारामची सही.

आणि सातवी ओळ? तिथेही पिवळ्या चिठ्ठीची जागा होतीच. बारावा का वाचला?

नीतूचा डोळा लागला. घर गप्प झालं.

टप्.

नळाखालचं पातेलं. मी त्याच्याकडे बघत राहिले. सातव्या ओळीतल्या एका पिंजऱ्यात भुसा ताजा होता, मंगळवारीच दिसलं होतं मला, बाकीच्यांचा आठवड्याचा. ओल्या झालेल्या पिंजऱ्यातलाच भुसा मध्ये कुणी बदलतं.

५

"बकाराम, खरं सांगा. पिंजरे कधी सरकवले?"

गुरुवारची सकाळ. तो उंदीरघरामागच्या आपल्या खोलीच्या पायरीवर बसला होता. जमिनीवर काडीने रेघा मारू लागला.

"इतवारी," तो म्हणाला. "सांगितलो असतो तं नोकरी गेली असती जी. सोमवार लिव्हलं होतं कागदावर."

"मग रविवारी काऊन?"

"पोळ्याच्या दिवशी जनावराले हालवत नाही आमच्याकडं. बैलाले त्या दिवशी जू नाही, चाबूक नाही. मंग या जीवाले कायले तरास? तेई जनावरच ना? वर्सभर सुया टोचता तुमी." मान वर करून त्याने माझ्याकडे पाहिलं. "एक दिस आराम देलो. सोमवारी मी पहाटच्या गाडीनं दरेकसाले गेलो. सांजच्या वेळी आलो आन् सही केलो."

दिव्या का गप्प राहिली, ते कळलं. तिने रविवारी पिंजरे सरकताना पाहिले होते आणि म्हाताऱ्याला सांभाळून घेतलं होतं.

"आल्यावर सातव्या ओळीत काय दिसलं?"

"बाटली गळत होती. टिपटिप करून राहिली होती, भुसा सारा वला. दुसरी लावून देलो."

"आणि गळकी?"

"बूच बदलाचा हाये तिचा. तिथं ठेवलो." त्याने खोलीच्या खिडकीकडे बोट केलं.

खिडकीत काचेची बाटली उभी होती, तोंडात चिंधी कोंबलेली. तळाला चार बोटं पाणी. मंगळवारी अठ्ठेचाळीस बाटल्या उकळल्या गेल्या. ही एकोणपन्नासावी होती, आणि हिचा कुणालाच पत्ता नव्हता.

दुपारपर्यंत दिव्याने ते पाणी तपासलं. तिने कागद माझ्यापुढे धरला. "आपलंच रसायन, मॅडम. यकृत दुखवायला वापरतो ते. पण कितीतरी पट जास्त."

"दिव्या, क, ख, ग, घ यांतलं साध्या चाऱ्याचं कुठलं, तुला माहीत आहे?"

"नाही. कुणालाच नाही ना?"

"आणि रंग?"

"कसले रंग?" ती म्हणाली.

ते दोन शब्द ऐकून मी बाटली उचलली.

६

मी बाटली सरांच्या टेबलावर ठेवली. मग वही उघडून शेजारी ठेवली, नीतूच्या चिठ्ठ्यांचं पान.

"रूपेशला उंदीर मेलेले हवे असतील, पण कुठलेही अकरा चालले असते," मी म्हणाले. "नेमके पिवळ्या जागचे त्याला कळणार नाहीत. दिव्याला आणि बकारामला पिंजरे सरकल्याचं माहीत होतं, ते चुकीच्या घरात गेले नसते. ज्याने केलं त्याने पाकिटातला तक्ता पाहिला होता आणि कागदावरच्या सोमवारवर विश्वास ठेवला होता. सर, मी बुधवारी तुम्हाला क, ख, ग म्हटलं. तुम्ही विचारलंत, पिवळा एकही नाही? पिवळा हा शब्द माझ्या घराबाहेर फक्त त्या पाकिटात आहे."

बाहेर अंगणात कुणीतरी झाडू मारत होतं. सरांनी बाटली हलकेच बाजूला सरकवली.

"मरायला नको होते ते," शेवटी ते म्हणाले. "नुसते आजारी पडायला हवे होते. म्हणजे साल खाणारे त्यांच्यापुढे बरे दिसले असते. घाईत माप चुकलं. सोमवारी सकाळी दवनीवाड्याहून मोटारसायकलने आलो, अर्ध्या तासात परत. बैल सजवायचे राहिले होते."

"का पण?"

"पाकीट मी पहिल्याच आठवड्यात फोडलं. दिव्याचे रक्ताचे आकडे रंगांवर लावून पाहिले. चारही सारखे." त्यांनी चष्मा काढला. "माझ्या आईचं नाव जमुनाबाई. सहा महिने झाले, तिचं यकृत गेलंय. नागपूरला न्यायला सगळे सांगत होते. मी म्हटलं, कशाला? माझी साल आहे. रोज सकाळी माझ्या हाताने देतो. ती माझ्या हातून विश्वासाने पिते, भाग्यश्री. तिचे डोळे पिवळे होत चाललेत आणि ती मला म्हणते, आज बरं वाटतं बाबू."

मी वही माझ्याकडे ओढली.

"तुम्ही दीडशे घेऊ दिले असते तर आकड्यांच्या गर्दीत कुठेतरी आशा लपली असती," ते म्हणाले. "अठ्ठेचाळीसांत तुम्ही लपायला जागाच ठेवली नाही. आता सांगा. तुम्ही पण आकडे लावले असतील. काम करते का?"

उत्तर द्यायची इच्छा नव्हती. पण त्यांच्या आईच्या उद्याच्या सकाळचा पेला माझ्या डोळ्यांपुढे होता.

"आत्तापर्यंत तरी नाही, सर. आईंना आजच नागपूरला न्या."

ते उठले. दाराशी थांबून म्हणाले, "बकारामचं नाव लावू नका. मी लिहून देतो." आणि लिहून दिलं, उभ्या उभ्याच. मग मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.

शुक्रवारी समितीला मी दोन कागद दिले. एक सरांचा. दुसरा माझा: उरलेल्या सदतीसांना मारू नये, त्यांना कसलाही संसर्ग नाही, बारा पिवळे सगळे जिवंत आहेत आणि अकरा ओळींत तीन-तीन भावंडं उरली आहेत, त्यांच्यावर तुलना पुरी होते, नवा एकही उंदीर मागवू नये. बकाराम दाराबाहेर उभा होता. मी मान हलवली, तेव्हा त्याने खांद्यावरचा दुपट्टा काढून तोंड पुसलं.

"सदतीसही राहतीन का जी?"

"प्रयोग संपेपर्यंत."

"मंग?"

मी चपला घातल्या.

७

घरी नीतू जमिनीवर बसून लाकडी बैलाच्या शिंगांना लोकर गुंडाळत होती. तान्हा पोळा होऊन तीन दिवस झाले तरी तिचा बैल अजून सजतच होता. माझी वही तिच्यापुढे उघडी होती.

सुशिलाबाईंशी दारात बोलताना मी काय काय बोलले, ते तिने ऐकलं असावं. माझं लक्ष गेलं नव्हतं.

"आई, फुल्या सगळ्या पिवळ्यावरच आहेत."

"हो, राणी."

"पण पिवळे मेले नाहीत."

"नाही. ते पुढच्या घरात गेले होते. बकारामकाकांनी त्यांना नेलं होतं."

तिने एकेका पिवळ्या चौकोनावर बोट ठेवलं, शाळेत पाढे म्हणतात तसं, तोंडातल्या तोंडात. मग बोट सातव्या ओळीवर थांबलं, जिथे फुली नव्हती. मी तिच्या केसांतून हात फिरवला. तेलाचा आणि लोकरीचा वास येत होता. वाटलं, वही मिटावी, हिला उचलावं, पोहे करावेत.

टप्, पातेल्यात पडलं.

नीतूने मान वर केली. "आई, मी त्या दिवशी डब्यातून दुसरी चिठ्ठी काढली असती, तर मग कोण मेलं असतं?"